पाय हलताना दिसले पाहिजेत

बर्फावरच्या हॉकीच्या ग्लोव्हला येतो तो वास जगात दुसऱ्या कशालाच येत नाही. ओलं कुत्रं, नासलेलं दूध आणि बादलीत विसरलेलं फडकं एकत्र केलं तरी तो जमायचा नाही. या वासात माझी निम्मी हयात गेली. मुली कपडे बदलतात त्या खोलीत काळी रबरी चटई आहे. तिच्यावर पाय ठेवला की खालून काहीतरी पचकन वर येतं. मोरीच्या जाळीत केसांचा बोळा. बाकावर कुणीतरी चावून चावून टाकलेला दातांचा गार्ड, अजून लाळेने ओला. तरीही मला विचाराल तर त्या रिंकवरची सगळ्यात घाण गोष्ट या खोलीत नव्हती. ती वर खुर्च्यांमध्ये बसायची, कागदी पेल्यातून कॉफी प्यायची आणि खाली बर्फाकडे बघून ओरडायची, "पाय हलव, पाय!"

मी स्केटिंग शिकवते. हॉकी नाही. हॉकी शिकवायला एक पुरुष असतो आणि त्याच्या तोंडात शिट्टी असते. माझ्याकडे हॉकीच्या पोरी येतात त्या पाय सुधारायला. या शिकवणीला पॉवर स्केटिंग म्हणतात, आणि हे नाव ज्याने ठेवलं त्याला बर्फावर उताणा पाडून वरून बर्फ तासायची मशीन फिरवावी असं मला कैकदा वाटलं आहे. पॉवर म्हटलं की लोकांना वाटतं, दात-ओठ खाऊन जोर लावायचा. काम वेगळंच असतं. गुडघा खुर्चीत बसल्यासारखा वाकवायचा. बुटाखालच्या पात्याची आतली धार बर्फात रुतवायची आणि पाय मागे न झाडता बाजूला रेटायचा, पार सरळ होईपर्यंत. मग तो बर्फाला लगटून, घाई न करता, अंगाखाली परत आणायचा. तेवढा वेळ दुसऱ्या पायावर नुसतं घसरत राहायचं. हे घसरणं म्हणजे फुकटचा पल्ला. एका रेट्याची कमाई पुरती खाऊन मग दुसरा रेटा. चांगलं स्केटिंग कानाला कळतं: लांबलचक कापड फाडल्यासारखा एक आवाज, मग शांतता, मग परत तो आवाज. वाईट स्केटिंग म्हणजे टकटकटकटक. जणू बर्फावर टंकलेखनाची परीक्षा चालली आहे.

माझी भाची टकटक करायची. दादाची एकुलती एक. सतरा वर्षांची, बचावाला खेळायची. माळावर टिटवी धावते ना, खाली काड्यांसारखे पाय भरभर भरभर आणि पल्ला वीतभर, तशी ही. म्हणून तिचं नावच टिटवी पडलं, आणि ते कौतुकाने पडलं. इथेच माझं डोकं फिरतं. एखाद्या गवयाला सगळे कौतुकाने बेसूर म्हणायला लागले तर कसं वाटेल?

सुरुवातीची दोन-तीन पावलं तशी पळतच टाकायची असतात, जागेवरून सुटायला. हिची सुरुवात रिंकच्या दुसऱ्या टोकापर्यंत संपायची नाही. गाडी पहिल्या गिअरमध्येच ठेवून गावाला जावं तसं. आणि वर बसलेल्या आयाबापांना त्या घरघरीचंच अप्रूप. या रिंकवर एक वेडगळ समजूत घट्ट बसली आहे: पाय हलत असले की पोरगी मेहनती, पाय थांबले की आळशी. कोण कुठे आधी पोचलं हे कुणी बघत नाही. पोचताना किती धडपडली ते बघतात. शिट्टीचं तर ते ब्रीदवाक्य होतं. "पाय हलताना दिसले पाहिजेत." हलले पाहिजेत असं नाही बरं का. दिसले पाहिजेत.

शिट्टी म्हणजे त्यांचा प्रशिक्षक. हा माणूस शिट्टी तोंडातून न काढता बोलायचा. शब्दांबरोबर लाळ शिट्टीत उतरायची, शिट्टीतून दोरीवर, दोरीवरून छातीवरच्या जाकिटावर, आणि तिथे ती गोठायची. थंडीच्या दिवसांत त्याच्या जाकिटावर लाळेचा एक पांढरा पट्टा कायम असे. त्याच्याशी बोलताना मी त्या पट्ट्याकडे न बघण्याचा आटोकाट प्रयत्न करायची आणि तिथेच बघायची.

टिटवी माझ्याकडे आपण होऊन आली. एका सामन्यात समोरच्या संघातली एक थोराड मुलगी तिला सहज मागे टाकून गेली होती.

"आत्या, ती पळतच नव्हती," टिटवी म्हणाली. "मी जीव तोडून पळत होते आणि ती नुसती येऊन गेली. हे कसं?"

मला वाटलं, चला, आपल्या घराण्यात एकाला तरी प्रश्न पडला.

"वरच्या संघाची निवड या मोसमाच्या शेवटी आहे," ती म्हणाली. "मला त्यात जायचंय. तोपर्यंत होईल?"

"होईल. पण मध्ये काही आठवडे तू आताहून हळू होशील. जुनी सवय मोडली आणि नवी बसली नाही, असे दिवस येतात. तेव्हा रडत यायचं नाही."

"नाही येणार."

"आणि बापाला पाठवायचं नाही."

त्यावर ती नुसती हसली.

पहिल्या दिवशी तिचे बूट बघून मला शिसारी आली. घोट्याभोवती चिकटपट्टीचे थरावर थर. सगळ्या संघाचे बूट तसेच. शिट्टीच्या तरुणपणी कुणा नावाजलेल्या खेळाडूचा घोटा दुखावला होता म्हणून तो पट्टी बांधून खेळला. त्याचा घोटा बरा झाला आणि पट्टी यांच्या गळ्यात पडली.

"सर म्हणतात घोटा पक्का पाहिजे," टिटवी म्हणाली.

"हा पक्का नाही, मेलेला आहे. घोटा पुढे वाकला नाही तर गुडघा कुठून वाकणार? आणि गुडघा वाकला नाही तर रेटा कशाचा देशील, कपाळाचा? काढ."

तिने पट्टी सोलली. आतून केस, मोज्याचा भुगा आणि चिकट काळा मळ निघाला. तिची मैत्रीण बाजूच्या कठड्यावर बसून बिस्किटं खात होती. ती म्हणाली, "आत्या, यात तुम्हाला मागच्या मोसमाचा एखादा गोल पण सापडेल."

ही मैत्रीण गोलकीपर. सगळे तिला भिंत म्हणत. अंगाने रुंद, बोलायला कमी, आणि बोलली की नेमकं लागेल असं. दोघी बर्फावर चालायला लागल्या तेव्हापासून एका संघात होत्या. एक घरी जेवायला आली की दुसरीचं ताट आपोआप वाढलं जायचं.

मग आम्ही कामाला लागलो. एक रेटा द्यायचा आणि अंग थांबेपर्यंत एका पायावर घसरत जायचं. पाय वळवळला की परत पहिल्यापासून. टिटवी पडली, उठली, पडली. तिचे पाय पोत्यात कोंबलेल्या मांजरासारखे धडपडायचे. स्वस्थ राहणं त्यांना ठाऊकच नव्हतं. वळणावर पाय ओलांडताना आतल्या पायानेही बाहेरच्या धारेवर रेटा द्यायचा असतो, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. इतकी वर्षं ती एका पायावर वळत होती आणि दुसरा सोबतीला नेत होती.

"आत्या, हे फार हळू वाटतंय."

"आवाज नाही म्हणून वाटतंय."

"मांड्या फाटतायत."

"फाटू देत. आजवर त्या पगार घेऊन बसल्या होत्या."

हळूहळू ते आलं. एके दिवशी सकाळी मी पाठमोरी होते आणि मागे कापड फाटल्याचा आवाज झाला. लांब. मग शांतता. मग परत. मी वळले नाही. वळले असते तर डोळे पुसावे लागले असते, आणि ते मला परवडत नाही.

पण सरावात ती अजून कच्ची होती. घाईची वेळ आली की जुनं आणि नवं यांची खिचडी व्हायची आणि ती मागे पडायची. शिट्टीने ते बरोबर हेरलं. "नाचवाल्या बाईंनी पोरगी बिघडवली," असं तो पालकांच्या घोळक्यात म्हणाला, म्हणजे शिट्टीतून फुंकला. मी लहानपणी फिगर स्केटिंग केलं आहे, म्हणून मी नाचवाली. मी पन्नाशीला आले, माझे गुडघे पावलागणिक बोलतात, तरी या लोकांच्या डोळ्यांपुढे मी अजून घेरदार झग्यात गिरक्या घेत असते.

त्याच सुमारास माझी दाढ तुटली. दादा दातांचा डॉक्टर आहे. बर्फावर लोक एकमेकांचे दात पाडतात आणि हा बसवतो. असा आमच्या कुटुंबाचा हॉकीशी दुहेरी संबंध. त्याने मला खुर्चीत आडवं केलं, तोंडात कापसाच्या सुरळ्या कोंबल्या, लाळ ओढायची नळी ओठाच्या कोपऱ्यात अडकवली, आणि मी पुरती मुकी झाल्याची खात्री करून विषय काढला.

"हे बघ, मी तुला काही बोलत नाहीये."

"आं," मी म्हणाले.

"तोंड मोठं उघड. तर, निवड तोंडावर आली आहे. आणि आमची कन्या बर्फावर जेवणानंतर शतपावली केल्यासारखी फिरते."

"आंआं."

"आं काय आं. चार लोक मला विचारतात, मुलीला बरं नाही का म्हणून. आधी कशी तुटून पडायची. सगळे म्हणायचे, डॉक्टर, तुमच्या पोरीचे पाय म्हणजे मशीन आहे. छाती फुगायची माझी. आता लाज वाटते खुर्चीवर बसायला. जीभ आत घे."

नळी माझी थुंकी गुर्रगुर्र करत ओढत होती. माझ्या नाकासमोर त्याचं रबरी हातमोजा घातलेलं बोट, त्याच्यावर माझंच रक्त. मला त्या खोलीची, त्या बोटाची आणि आम्ही एका आईच्या पोटी जन्मलो याची एकदम किळस आली.

"चूळ भर," तो म्हणाला.

मी चूळ थुंकले. "दादा, तू दात उपटताना हात जास्त हलवतोस का? पेशंटला तुझी मेहनत दिसावी म्हणून?"

"तो विषय वेगळा."

"तोच विषय आहे. तुझा हात कमी हलतो म्हणून लोक तुझ्याकडे येतात. ज्याचा जास्त हलतो त्याच्याकडून जबडा सुजवून घेतात."

"अगं, पण निवडणारे तुझ्या डोक्याने बघणार आहेत का?" तो म्हणाला. "त्यांच्या डोळ्यांना जे दिसतं तेच ते बघणार. मला स्केटिंगमधलं काही कळत नाही, बरं? पण माणसं कळतात. आडवी हो, अजून संपलं नाही."

आणि परत कापूस. माझं तोंड बंद करायची एवढी सोय आमच्या आईकडेही नव्हती.

निवडीच्या दिवशी रिंक गच्च भरला होता. मुलींचे दोन मिश्र संघ पाडले, टिटवी आणि भिंत एका बाजूला आल्या. वरच्या संघात बचावाच्या दोन जागा होत्या आणि गोलकीपरची एकच. निवडायला आलेल्या गृहस्थांना सगळे मोठे साहेब म्हणत होते. ते कधीकाळी मोठे खेळाडू होते म्हणे. आता खेळ गेला होता आणि मोठेपणा पोटावर उतरला होता. एका हातात पेन, मांडीवर लोणी लावलेल्या पॉपकॉर्नचा डबा. शिट्टी त्यांच्या शेजारी चिकटून बसला होता, आणि मागच्या रांगेत दादा आणि वहिनी.

पहिला भाग सुरू झाला आणि माझ्या अंगावर काटा आला. टिटवी घसरत होती. मी सराव बघितला होता, पण ही घाईतली, धक्क्याबुक्क्यातली टिटवी मी बघितली नव्हती. गुडघे खोल, खांदे शांत, डोकं वर. समोरच्या मुली टकटकत यायच्या तोवर ही त्यांच्या वाटेत उभी असायची, जणू कुणाची वाट बघत. पक म्हणजे ती रबरी चकती. ती समोरच्या मुलीच्या काठीवरून हिच्या काठीवर यायची आणि ही ती साधी पुढे ढकलून द्यायची. कुठे झटापट नाही, कुठे आदळआपट नाही. दुसऱ्या भागात उजव्या कडेने ती असे दोन रेटे देऊन वळली की माझ्या शेजारचा बर्फ तासायच्या मशीनवरचा माणूस, जो आयुष्यभर बर्फाशिवाय कशाकडे बघत नाही, तो म्हणाला, "ही कोण?"

"माझी भाची," मी म्हणाले. असं मी क्वचितच म्हणते.

वर मात्र स्मशानकळा. दादा ओरडत होता, "पाय हलव गं, पाय." वहिनी ओरडत होती, "झोपलीस का?" शिट्टी मोठ्या साहेबांच्या कानात काहीतरी पुटपुटत होता आणि लाळेचा एक थेंब साहेबांच्या खांद्यावर पडलेला मी खालून बघितला. साहेबांना कळलं नाही. ते लोणी चाटलेलं बोट विजारीला पुसत होते.

तिसऱ्या भागापर्यंत दोन्ही बाजूंना गोल नव्हता. मग पक मधल्या पट्ट्यातून सुटला आणि आमच्या गोलच्या दिशेने घरंगळत आला. समोर मोकळा बर्फ. पकच्या मागे दोघी: टिटवी आणि समोरची एक पोरगी. टिटवी जवळ होती. दोन लांब रेटे आणि पक तिचा, यात मला तिळमात्र शंका नव्हती.

ती पळायला लागली.

टकटकटकटक. गुडघे ताठ, काठी हवेत, खांदे कानांपर्यंत चढलेले. समोरच्या पोरीने तेवढ्यात तिला गाठलं, पक उचलला, आणि भिंतीच्या डाव्या खांद्यावरून आत मारला. टिटवी उशिरा पोचली, गुडघ्यांवर आपटली, काठी बर्फावर बडवली. आणि वरचे लोक उभे राहून टाळ्या वाजवायला लागले. गोल करणारीला नाही. आमच्या टिटवीला. "शाब्बास, जीव लावला पोरीने." दादाच्या डोळ्यांत पाणी होतं. गोल झाला होता आणि माझा भाऊ आनंदाने रडत होता.

उरलेला सगळा वेळ ती तशीच पळाली.

सामना संपल्यावर साहेबांनी तिथेच नावं सांगितली. बचावाला टिटवी आणि आणखी एक. गोलला दुसऱ्या बाजूची कीपर, जिच्यावर एकही गोल झाला नव्हता. मी जिना चढून वर गेले.

"साहेब, तो गोल कशामुळे झाला?"

"गोलकीपरमुळे. पक समोरून येतोय, बाहेर येऊन मारायचा की नाही? जागेवर खिळली. घाबरट आहे."

"आणि बचावातली मुलगी?"

"तिने जीव ओतला. शेवटी का होईना जागी झाली. पहिले दोन भाग झोपलीच होती."

"पहिल्या दोन भागांत तिच्या बाजूने किती पक आत गेले?"

त्यांनी जरा आठवून पाहिलं. "तिच्या बाजूने काही आलंच नाही."

"का आलं नाही?"

"बाई, आता नाही आलं तर नाही आलं. तुम्ही कोण?"

शिट्टी मध्ये पडला. "या आपल्या नाचवाल्या. म्हणजे पॉवर स्केटिंग शिकवतात. मुलीची आत्या."

"असं होय," साहेब एकदम खुलले. "म्हणजे ते शेवटचं पळणं तुमची करामत. फार छान काम करता तुम्ही." आणि त्यांनी माझा हात हातात घेऊन हलवला. तो गरम होता आणि लोण्याने बुळबुळीत. "आमच्या धाकट्या मुलींसाठी या ना शिकवायला. असेच पाय पाहिजेत."

शिट्टी मान डोलावत होता. दादाने मागून माझ्या पाठीवर थाप मारली. म्हणजे ज्या गोष्टीने माझं डोकं उठतं तिचंच श्रेय मला चारचौघांत मिळालं. मी हात पँटला पुसला, साहेबांच्या देखत, आणि म्हणाले, "ती निवडली गेली ती तिने होऊ दिलेल्या गोलसाठी. तुम्ही पंच असता तर चेंगराचेंगरीला शर्यत म्हणाला असता." कुणाला काही कळलं नाही. मोठे साहेब म्हणाले, "थकल्यात बहुतेक."

खाली खोलीत टिटवी एका टोकाला लेस सोडत होती. दुसऱ्या टोकाला भिंत, पायांवरची जाड पॅड तशीच, पाणी प्यायची बाटली दोन्ही हातांत धरून. बाकीच्या मुली गेल्या होत्या किंवा मोरीत होत्या.

"आत्या, घेतलं मला."

"कळलं. बापाचं ऐकून पळालीस?"

"छे. बाबा तर रोजच ओरडतात." ती पुढे वाकली, आवाज खाली केला, आणि तिचे डोळे चमकत होते. "मी वर बघितलं. ती उजव्या कडेची फेरी आठवते? मी इतकी भारी गेले, आत्या, मला आतून कळलं. आणि वर बघते तर तो माणूस डब्यात पॉपकॉर्न शोधतोय. म्हटलं, बघू या गंमत. जरा पाय झाडले. लगेच मान वर. मग ठरवलंच, संधी मिळाली की मोकळ्यावर झाडायचे. मूर्ख आहेत गं सगळे."

"आहेत. तो पक तुझा होता?"

ती लेस ओढत राहिली.

"दोन रेट्यांत पोचली असतीस?"

"पोचले असते."

"तेव्हाच माहीत होतं?"

"आत्या, सरावाचा तर सामना. एक गोल. उद्या कुणाच्या लक्षात राहणार आहे?"

मी नुसती हनुवटी त्या दुसऱ्या टोकाकडे केली. टिटवीने तिकडे बघितलं आणि तिचा चेहरा पडला. पण किती पडावा हे ठरायच्या आतच दारावर थाप पडली. बाहेरून दादाचा आवाज: "चल गं, फोटो काढायचाय. साहेब निघालेत." ती मोज्यांवरच उठली, पचपच करत दारापर्यंत गेली, आणि दार उघडताना तिने तोंडावर हसू आणलं. इतकं झटपट, इतकं बेमालूम, की मला तिच्या पायांपेक्षा त्या हसण्याची जास्त भीती वाटली. पाय पुन्हा सुधारता येतात.

मी भिंतीजवळ जाऊन बसले.

"तो गोल तुझा नव्हता," मी म्हणाले.

"माहितीय," ती म्हणाली. "मी मागे असते, आत्या. मला सगळं दिसतं."

"साहेब म्हणतात तू घाबरलीस. बाहेर यायला हवं होतं."

"पूर्वी यायचे मी. टिटवी पोचायची नाही म्हणून दर वेळी यायचे. तुमच्याकडे यायला लागल्यापासून ती पोचते. मग मी बाहेर येऊन तिच्या पायात कशाला कडमडू? आज पण म्हटलं, ती आहे." तिने बाटलीतलं पाणी तोंडात घेतलं, गिळलं नाही, परत बाटलीत सोडलं. "तिचा पहिला टक आवाज ऐकला तेव्हाच कळलं. पण तोवर बाहेर यायला उशीर झाला होता."

टिटवी पिशवी घ्यायला परत आली. गालांवर फोटोचं हसू अजून शिल्लक होतं. तिने ऐकलं असावं, कारण ती दाराजवळच थांबली.

"आत्या, सोमवारी नेहमीच्या वेळेला ना?" ती म्हणाली. "वरच्या संघात मी त्यांना पाहिजे तसं करीन. तुझ्याकडे नीट."

"दोन चाली एका अंगात राहत नाहीत. सोमवारी येऊ नकोस."

"म्हणजे?"

"म्हणजे येऊ नकोस. बर्फावर कसं उभं राहायचं हे मी शिकवू शकते. कुणाला दाखवण्यासाठी उभं राहायचं हे तू शिकून आलीस, ते माझ्या शिकवणीत नाही."

"मी तुझी भाची आहे."

"म्हणून तोंडावर सांगते. दुसरी कुणी असती तर नुसता फोन उचलला नसता."

तिने मान खाली घालून पिशवीचा पट्टा मुठीत आवळला. मला तिची कीव आली आणि त्या किवेचाही राग आला, कारण हे सगळं तिला शिकवणारे वर उभे राहून एकमेकांच्या पाठी थोपटत होते आणि भोगायला खाली दोन पोरी होत्या.

"आधी हिच्याशी बोल," मी म्हणाले. "जे मला सांगितलंस ते सगळं, पॉपकॉर्नसकट. मग माझ्याकडे यायचं की नाही ते बघू."

टिटवीने भिंतीकडे बघितलं. भिंत पॅडच्या पट्ट्यांशी खेळत होती. बाहेर गाडीचा हॉर्न वाजला. टिटवी म्हणाली, "मी रात्री फोन करते तुला," कुणाला ते सांगितलं नाही, आणि पिशवी खांद्यावर टाकून गेली. दार आपोआप लागलं. हॉर्न परत वाजला नाही.

"नाही करणार ती," भिंत म्हणाली. "तिला लाज वाटली की ती झोपून जाते. लहानपणापासून."

"करेल कदाचित."

"जाऊ द्या, आत्या. माझं काय, मला आता घरीच जायचंय. पण वरच्या संघात तिच्या मागे गोलमध्ये जी उभी राहणार आहे ना, तिला हे कुणी सांगितलेलं नाही. तिला वाटेल, टिटवी आहे." तिने पॅडची एक पट्टी ओढली. ती ओली होऊन घट्ट बसली होती, सुटेना. "जरा ओढता का? माझी बोटं गारठलीत."

मी खाली, त्या चटईवर, गुडघे टेकले. खालून पचकन काहीतरी माझ्या पँटला लागलं. पट्टीला घाम, शेवाळ आणि कशाकशाचा वास होता. मी दोन्ही हातांनी ओढत राहिले.